वारुळातला नकाशा

“हां, हां! ठेव ते खाली!”

कुंपणापलीकडून आक्काचा आवाज आला आणि खुरपं धरलेला माझा हात जागच्या जागी थांबला. मी परसातल्या वारुळापाशी उकिडवी बसले होते. श्रावणातली बारीक भुरभुर चालू होती, डोक्यावर पोत्याची खोळ होती आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

“काय झालं, आक्का?”

“काय झालं म्हणून इचारालीस? पंचमी हाय आज! नागपंचमीला जमिनीत लोखंड घालत्यात व्हय कुणी? आनि ते बी वारुळात?”

एरवी आक्का मला ‘तुमी’ म्हणायची. राग आला की ‘तू’वर यायची. मला तिनं ‘तू’ म्हणावं अशी माझी किती दिवसांची इच्छा होती, आणि ती पुरी झाली ती अशी.

गौराक्का माझी शेजारीण. ही गोष्ट खूप वर्षांपूर्वीची, फोन करायला तालुक्याला जावं लागायचं तेव्हाची. आजऱ्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला टेकून असलेल्या सुळेवाडीत मी एक कौलारू घर भाड्यानं घेतलं होतं. शेजारी आक्काचं घर, मधे करवंदीचं कुंपण आणि त्या कुंपणात आक्कानंच जाऊन-येऊन पाडलेली वाट. साठी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा केव्हाच गेलेला. घरात मुलगा, सून आणि म्हशी. रोज दुपारी ती माझ्याकडे चहाला यायची, टेबलावर मी काय पसरलंय ते लांबूनच बघायची आणि ‘चालू द्या तुमचं’ म्हणून निघून जायची. कित्येक दिवस असे जायचे की तिच्याशिवाय माझ्याशी दुसरं कुणी बोललेलं नसायचं. मी चित्रकार आहे हे तिला ठाऊक होतं. पण चित्रकार बाई वाळकी पानं, गोगलगायीची टरफलं आणि जुने कागद घरात का साठवते हे कोडं काही तिला सुटलं नव्हतं. तसं ते पुण्यातल्या माझ्या नातेवाइकांनाही सुटलेलं नव्हतं.

माझं काम नकाशांवरचं. जुन्या बाजारातून मोजणीचे नकाशे आणायचे आणि ती जमीनच त्यांच्यावर आणून बसवायची. ओढ्याच्या रेषेवर त्याच ओढ्याचा गाळ, उतारावर तिथल्याच झाडाची साल, कुठे दगडफूल, कुठे सुताचे टाके. हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे भिजत घालून केलेली काळी शाई. सुळेवाडीत आल्यावर मला मदतनीसही मिळाले. वाळवी! नकाशा ओला करायचा, गोणपाटात गुंडाळून वारुळाच्या बुडाशी पुरायचा आणि वर माती थापायची. वाळवी कागद खाते, पण सरसकट खात नाही. आधी मातीच्या नळ्या बांधते, वाट धरून पुढे जाते, मधेच वळते, एखादा तुकडा का कोण जाणे तसाच सोडून देते. वेळेवर बाहेर काढला तर माणसाच्या नकाशावर वाळवीचा नकाशा चढलेला असतो. मग तो सावलीत वाळवून डिंकाच्या पाण्यानं मातीसकट पक्का करायचा. सगळं कसब काढायच्या वेळेत असतं. लवकर काढला तर काहीच झालेलं नसतं, उशीर झाला तर हातात नुसती माती येते.

आणि त्या सकाळी वारुळात असलेला नकाशा जुन्या बाजारातला नव्हता. तो माझ्या भावानं काढलेला होता.

विलास भूगर्भशास्त्रज्ञ होता. हा सगळा सडा, हे कातळाचं पठार, पायाखाली घालून त्यानं तो नकाशा स्वतःच्या हातानं, स्वतःसाठी म्हणून काढायला घेतला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईवडील त्याच्याही आधी गेले. लग्न त्यानं केलं नाही, मीही केलं नाही. त्याच्या हातचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढं एकच उरलं होतं. पुण्याच्या प्रदर्शनासाठी म्हणून मी तो वारुळात घातला होता आणि नेहमीपेक्षा जास्त दिवस आत ठेवला होता. काल कडेला बोट घालून पाहिलं तर गोणपाटाचा पत्ताच नव्हता. बोटाला कागदाची कड लागली ती चाळणी झालेली. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आज काढला नाही तर विलासची एक रेघसुद्धा राहणार नव्हती.

पंचमी माझ्या ध्यानीमनी नव्हती. एकट्या माणसाला सण शेजारून कळतात, आणि मला तेही कळलं नाही. आदल्या दिवशी आक्कानं चहाबरोबरची खारी परत केली. ‘भावाचा उपास हाय,’ म्हणाली. मी ‘बरं’ म्हटलं आणि ती खारी स्वतः खाल्ली. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात हे मला काही नवीन नव्हतं. लहानपणी आई मलाही धरायला लावायची. पण ऐकलं आणि या कानानं आलं ते त्या कानानं गेलं. आधीचे श्रावण मी पुण्यात काढलेले असल्यानं इथली पंचमी कशी असते तेही मी पाहिलेलं नव्हतं.

“आक्का, देवाचं मी काही बिघडवत नाही,” मी म्हणाले. “आत माझा एक कागद आहे. तेवढा काढते आणि जागा होती तशी लिंपून टाकते.”

“उद्या काढ.”

“उद्यापर्यंत राहायचा नाही. वाळवी खाईल.”

“वाळवी खाईल म्हणतीस आनि तूच वारुळात घातलास? शिकल्याली न्हवं तू?”

आक्का कुंपणातल्या वाटेनं आत आली तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट पाहिलं. नवंकोरं हिरवं लुगडं, अंबाड्यात फूल, हातात ताट. ताटात दुधाची वाटी, लाह्या, हळदकुंकू आणि तंबिटाचे लाडू. इतकी नटलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

“तुम्ही कुठे निघालात?”

“म्हायेरला.”

“आत्ता? पावसात?”

“हितंच की.” तिनं हनुवटीनं वारूळ दाखवलं.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण आक्काच्या तोंडावर चेष्टेचं नाव नव्हतं. तिनं ताट धुणं आपटायच्या दगडावर ठेवलं आणि माझ्यासमोर, माझ्या आणि वारुळाच्या मधे, बसकण मारली.

“मला भाऊ न्हाई,” ती म्हणाली. “आई म्हणायची, जिला भाऊ न्हाई तिचा नागोबा भाऊ. लगीन हून ह्या गावात आले तवा सासूनं हे वारूळ दाखिवलं, म्हणाली, हे तुजं म्हायेर. तवाधरनं दर पंचमीला येते. बाकीच्या बायकास्नी न्ह्यायला मुराळी येतो. कुणाचा भाऊ येतो, कुणाचा भाच्चा येतो. बायका पिशव्या भरून वाटंकडं डोळं लावून बसत्यात आनि मुराळी दिसला की पळत सुटत्यात. मला न्ह्यायला कोन आलंय कधी? माजी मीच चालत येते. भावाला दूध घालते, दोन गाणी म्हणते, दुपारपतूर बसते आनि माजी मीच परत जाते. एवढं एक म्हायेर हाय मला. आनि तू त्येला खुरपं लावालीस.”

मी खुरपं खाली ठेवलं. ठेवलं आणि मला एकदम रडू फुटलं. चारचौघांत न रडण्याबद्दल माझी ख्याती होती. विलासच्या तेराव्यालाही मी सगळ्यांना वाढत होते. पण त्या चिखलात बसून मी हमसून हमसून रडले आणि आक्का बघत राहिली.

“एका कागदापायी?” तिनं विचारलं.

“माझ्या भावानं काढलेला आहे, आक्का.”

“तुला भाऊ हाय? कधी बोलली न्हाईस ते?”

“होता.”

आक्काचा चेहरा उतरला. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून गाण्याचा आवाज आला. वाडीतल्या बायका ताटं घेऊन वारूळ पुजायला निघाल्या होत्या. याच वारुळाला. एकदा त्या इथं पोचल्या की पूजा, गाणी, फेर, फुगड्या, सगळं दुपारपर्यंत चालणार आणि नंतर सांजेपर्यंत कुणी ना कुणी येतच राहणार. मी खुरप्याकडे पाहिलं, उचलायचा धीर झाला नाही.

आक्कानं गल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुज्याजवळ त्येचं दुसरं काय हाय?”

“काही नाही.”

“फोटू?”

“तो फोटो काढून घ्यायचाच नाही. लहानपणचा एक आहे. त्यात तोंड दिसत नाही.”

आक्का उठली. तिनं पदर खोचला, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि म्हणाली, “सरक बाजूला.”

“काय करताय?”

“लोखंड लावायचं न्हाई. हात चालतो.”

“नको, आक्का! आत जनावर असेल.” ही काही सबब नव्हती. उन्हाळ्यात तिच्या मुलानंच त्या वारुळात नाग शिरताना पाहिला होता आणि वाडीभर सांगितलं होतं. मी स्वतः माझा खड्डा बुडाशी, भोकांपासून लांब धरला होता तो त्याच भीतीनं.

“आसंल तर भाऊच आसंल.”

“आक्का, राहू दे तो कागद. खरंच राहू दे.”

तिनं माझं ऐकलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, वारुळाच्या तोंडाशी वाकली आणि आतल्या माणसाला हाक मारावी तशी बोलली, “दादा, भईण आलीया. यंदा मला चोळी नगं. ह्या पोरीचं काय हाय ते तेवढं तिला दे.”

आणि तिनं बोटांनी माती उकरायला सुरुवात केली. मी थापलेला थर वाळवीनं सिमेंटसारखा करून टाकला होता. तिच्या नखांतून रक्त आलं तरी ती थांबली नाही. वाट झाली, पण घडी खालच्या पोकळीत खचलेली होती, म्हणून तिनं हात आत घातला. आधी कोपरापर्यंत, मग कान वारुळाला टेकेल इतका खांद्यापर्यंत. मग एकदम ती थांबली. डोळे मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले. गाणं आता फाटकाशी येऊन पोचलं होतं आणि आक्का हलत नव्हती.

“आक्का?”

“गप.”

थोड्या वेळानं तिनं श्वास सोडला आणि हात हळूच मागे घेतला. हाताबरोबर चिखलानं लडबडलेली एक घडी आली आणि घडीबरोबर वारुळाची अख्खी बाजू ढासळून खाली आली. आतल्या पोकळ्या, पांढऱ्या अळ्या, पळापळ करणारी वाळवी, सगळं उघड्यावर पडलं. आक्कानं घडी माझ्या मांडीवर ठेवली. त्याच वेळी गाणं तुटलं.

“अगं बया!” फाटकात आक्काची जाऊ शेवंता उभी होती, तिच्यामागे वाडीतल्या बायका. “कुणी खणलं वारूळ?”

“मी,” मी म्हणाले.

माझ्याकडे कुणी पाहिलंदेखील नाही. आक्काचा हात खांद्यापर्यंत मातीनं माखलेला होता आणि बोटांतून रक्त येत होतं; आंधळ्यालासुद्धा कळलं असतं.

“मी खणलं,” आक्का म्हणाली. “माज्या भावाचं घर हाय. मी उघडलं. तुमास्नी काय त्येचं?”

“पंचमीच्या दिशी? अख्ख्या वाडीला भोगाय लावशील!”

“भोगायचं तर मी भोगीन. जावा तुमी.”

शेवंतानं तोंडावर पदर धरला. बायका आपापसांत कुजबुजल्या आणि ताटं झाकून माघारी वळल्या. देवळामागे दुसरं वारूळ होतं, तिकडे गेल्या. आक्काची सून सगळ्यांत शेवटी निघाली. ती क्षणभर थांबली, सासूकडे बघून काही बोलावंसं तिला वाटलं असावं. पण तीही गेली. पुढे गल्लीत कुणीतरी पुन्हा गाणं उचललं आणि ते लांब लांब जात राहिलं.

“तुम्ही जा त्यांच्याबरोबर,” मी म्हणाले. “अजून वेळ आहे.”

“त्यो नाग त्यांचा,” आक्का म्हणाली. “माजा ह्यो हुता.”

ओसरीवर फळी ठेवून मी नकाशा उलगडला. कडा गेल्या होत्या, पश्चिमेची बाजू जवळजवळ सगळी गेली होती. मधला भाग मातीच्या नळ्यांखाली होता. मऊ कुंचल्यानं माती सारायला लागले तशा विलासच्या रेषा वर आल्या. उतारांच्या बारीक रेघा, ओढ्यांची नावं, त्याचं ते डावीकडे कललेलं अक्षर. आक्का शेजारी बसून बघत होती. हात धुऊन घ्या म्हटलं तर नको म्हणाली.

“आत काय लागलं होतं हाताला?” मी विचारलं.

“गार हुतं कायतरी,” ती म्हणाली.

मग तिनं नकाशावर वाकून पाहिलं. “ह्यात आमची वाडी कुटं हाय?”

“नाही.”

“वाळवीनं खाल्ली?”

“वाळवीनं नाही खाल्ली. ती काढलेलीच नाही.” मी बोट ठेवून दाखवलं. “हा आपला खालचा ओढा. रेषा इथं संपतात बघा. पुढे कोरा कागद आहे. इथवर तो आला होता.”

“मग?”

“अंगात ताप होता. संध्याकाळ झाली म्हणून मागे फिरला, सरकारी बंगल्यावर उतरला होता तिकडे. तिथल्या माणसाला सांगून ठेवलं, उद्या सुळेवाडीला जायचंय, लवकर उठव. सकाळी तो उठलाच नाही. ताप डोक्यात गेला होता.”

“जवळ कोन हुतं?”

“कुणी नाही. मी पुण्याला. मला तार आली.”

आक्कानं त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. ओसरीच्या पन्हळीतून पाणी गळत होतं.

“म्हंजे आमच्यापतूर आलाच न्हाई,” ती म्हणाली.

“नाही.”

“आला आसता तर भाकरी घातली आसती की.”

तोवर मला वाटत होतं की सकाळचं रडून झालं ते झालं. या बोलण्यानं मात्र मी पार कोसळले. विलास गेला तेव्हा लोक भेटायला आले, ‘फार हुशार होता’ म्हणाले, ‘देवाची मर्जी’ म्हणाले. त्याला ताप असताना कुणी भाकरी घातली असती, हे कुणी म्हणालं नव्हतं. मी ओसरीच्या खांबाला डोकं टेकून बसले आणि जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते आक्काला सांगितलं.

“मी इथं चित्रं काढायला आले असं सगळ्यांना सांगते ना, ते खोटं आहे. तो दुसऱ्या दिवशी इथं यायचा होता. म्हणून मी इथं येऊन राहिले. संध्याकाळी ओढ्याकडून कुणी वर चढताना दिसलं की मी ओसरीवर येऊन उभी राहते. गुराखी असतो, लाकडं आणणारी बाई असते. मला माहीत असतं. तरी उभी राहते.”

“मी बघितलंया तुला,” आक्का म्हणाली. “मला वाटायचं, गार वाऱ्याला उभारतीस.”

“यंदा वाटलं, पुरे झालं. जाळवेना, फाडवेना. म्हटलं, वाळवी खाईल. लोकांना सांगायला प्रदर्शन होतंच. रोज म्हणायचे, आज काढू, आणि रोज राहू द्यायचे. मला तो काढायचाच नव्हता, आक्का. संपवायचा होता.”

“मग आज का खुरपं घिऊन धावलीस?”

“काल बोटाला त्याची कड लागली. चाळणी झालेली.”

आक्कानं माझी समजूत काढली नाही. तिनं ताट ओढलं, मातीच्या बोटानं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि तंबिटाचा एक लाडू माझ्या हातात ठेवला. “खा. सकाळधरनं उपाशी हाईस.” दुधाची वाटी घेऊन ती परसात गेली. ढासळलेल्या वारुळावर तिनं दूध ओतलं, लाह्या टाकल्या. गाणं म्हणायला तोंड उघडलं, पण एकटीला ते पुढे नेता आलं नाही. मला त्या गाण्यांतलं एकही येत नव्हतं. मी नुसती जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले.

“झालं यंदाचं म्हायेर,” ती म्हणाली. “पुढच्या सालाचं पुढच्या सालाला.”

तिनं ते हसत म्हणायचा प्रयत्न केला. जमला नाही.

प्रदर्शनाला मी दुसरी चित्रं पाठवली. विलासच्या नकाशाला डिंकाचं पाणी मारलं, पण त्यावर गाळ लावला नाही की टाका घातला नाही. तो तसाच भिंतीवर टांगला. वारूळ काही पुन्हा उभं राहिलं नाही. उघडं पडल्यावर वाळवीनं ते सोडलं, भाद्रपदाच्या पावसानं उरलेली माती वाहून नेली आणि थंडी पडली तेव्हा तिथं जेमतेम पायरीएवढा उंचवटा उरला होता. आश्विनात आक्काची एक म्हैस मेली तेव्हा वाडीला कारण आयतंच सापडलं. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईनासं झालं. ती मला त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. मला शेवंताच्या सुनेकडून कळलं. आक्का चहाला मात्र येत राहिली. एकदाही तिनं परसात पाऊल टाकलं नाही. कुंपणातली वाट परसातूनच यायची, म्हणून ती रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं यायला लागली.

पुढच्या श्रावणात मी पुण्याला गेले नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. घर झाडून घेतलं, कॉटवर धुतलेली चादर घातली, तालुक्याहून आणलेलं चोळीचं कापड बाहेर काढलं. आक्काला मी काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? शेजारच्या घरातून शेजारच्या घरात. ती हसेल, की तिला वाईट वाटेल, की सून ऐकतेय म्हणून मला घालवून देईल, या विचारात दुपार कलली. मग ठरवलं, हसली तर हसली. मुराळी कुंपण ओलांडून येत नाही, म्हणून मी छत्री घेतली, रस्त्यानं गेले आणि तिच्या पुढच्या दाराशी उभी राहिले.

दारातच सून भेटली. मला बघून ती बाजूला झाली आणि हळू आवाजात म्हणाली, “बरं झालं आलासा. बघा की वो ह्यांच्याकडं. सकाळधरनं अशाच बसल्यात. कुणाची वाट बघतायसा म्हटलं तर बोलत न्हाईत.”

आक्का आतल्या उंबऱ्यावर बसली होती. नवं लुगडं, अंबाड्यात फूल, मांडीवर बांधलेलं गाठोडं आणि गाठोड्यावर दोन्ही हात. तिनं मान वर केली. सकाळपासून बोललेली नसल्यानं असेल, तिचा आवाज घोगरा झाला होता.

“कोन हाय?”

“आक्का,” मी म्हणाले, “न्यायला आलेय.”

ती उठली. गाठोडं माझ्या हातात दिलं. ‘म्हशीकडं ध्यान ठेव, परवा येते,’ असं सुनेला सांगितलं, पायात वहाणा सरकवल्या आणि माझ्या छत्रीखाली येऊन उभी राहिली.

“किती उशीर रं, दादा,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू बी वाटंतच राहिलास काय.”